‘मूनस्टोन’ ईबुकवरच वाचा
जुन्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या ईबुकवर कंटाळवाण्या होतात, असं तुम्ही म्हणता. पण विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) एकदा उघडून बघाच. १७९९ साली टिपू सुलतानचं श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडलं तेव्हा लुटलेला हिरा इंग्लंडातल्या एका घरातून रातोरात नाहीसा होतो, आणि तपास अडतो दाराच्या ओल्या रंगावर उमटलेल्या एका डागाशी. कोणाचा कपडा घासला तिथे? निवेदक बदलत जातात, त्यामुळे आधी कोण काय बोललं होतं ते सारखं मागे जाऊन तपासावंसं वाटतं. तिथे ईबुकमधली शब्द शोधायची सोय फार कामी येते. मी ‘पेंट’ टाकून सगळे उल्लेख परत वाचले! प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ईबुकच्या संकेतस्थळावर कादंबरी फुकट मिळते. त्या घरातला म्हातारा कारभारी आणि एक निवेदक बेटरेज सुरुवातीला पाल्हाळ लावतो खरा, पण मला तोच सगळ्यात आवडला.