पेटी येते, ध्वनिमुद्रण येत नाही: घरी शिकावे की वर्ग लावावा?

पेटीवाला (मूळ प्रश्न)
नमस्कार. मी बरीच वर्षे हार्मोनियम वाजवतो आणि काही कवितांना चाली लावल्या आहेत. तबला आणि बासरी यांच्या साथीने त्या घरीच ध्वनिमुद्रित करून ऐकण्याजोग्या कराव्यात, अशी इच्छा आहे. कोथरूडमधली दहा बाय दहाची खोली, लॅपटॉप, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे यंत्र) आणि एक कंडेन्सर माइक एवढे साहित्य जमले आहे. यूट्यूबवर एक जण आधी इक्यू (खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करणारे साधन) लावा म्हणतो, दुसरा आधी कम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन), आणि बहुतेकांची उदाहरणे इलेक्ट्रॉनिक संगीताची असल्यामुळे माझ्या गाण्याला त्यातले काय लागू पडते हे उमगत नाही. वर्गांचे शुल्क पाहून हात आखडतो. नोकरी सांभाळून हे कोणत्या क्रमाने शिकावे?

एरंडवणेकर
संयोजन (कोणते वाद्य कुठे वाजणार हे ठरवणे), ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) ही तीन वेगळी कामे आहेत. ती एकदम शिकायला गेले की गाणे वाईट का वाजते याचा पत्ताच लागत नाही. म्हणून मिक्सिंगचा सराव आधी दुसऱ्याच्या चांगल्या ध्वनिमुद्रणावर करावा. केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर शेकडो गाण्यांचे, प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक सरावासाठी विनामूल्य मिळतात. पहिले काही आठवडे एकही प्लगइन (आवाज बदलणारे जोडसाधन) न लावता केवळ आवाजाची पातळी आणि डावी-उजवी बाजू एवढ्यावरच गाणे उभे करून पाहावे. तयार गाण्याशी तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठ्याने वाजणारे कानाला नेहमीच सरस वाटते.

इक्यू आणि कम्प्रेसर यांच्या वादात दोन्ही पक्ष बरोबर असू शकतात. गाण्यात पंख्याची किंवा रस्त्याची घरघर असेल, तर ती आधी कापावी, म्हणजे कम्प्रेसर तिला पाहून आवाज दाबणार नाही. स्वराचा पोत घडवायचा इक्यू नंतर लावला तरी चालतो. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर एकच धरावे. रीपर 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते.

धागेतिट
मी तबला वाजवतो, त्यामुळे खोलीबद्दल बोलतो. आपली खोली दोन्ही बाजूंनी सारखीच, म्हणजे सुमारे 3 मीटरची आहे. अशा खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीलगत घुमतो आणि मध्यावर जवळपास नाहीसा होतो. डग्ग्याचा खालचा भाग याच टापूत येतो, त्यामुळे आपण खुर्ची सरकवली तरी मिक्स बदलल्यासारखा वाटेल. पडदे आणि गाद्या वरच्या पट्टीतले प्रतिध्वनी शोषतात, पण 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबीच साधारण 3.4 मीटर असते, तिथे पडद्याचे काय चालणार? खर्जाचा निवाडा हेडफोनवर करावा.

तबल्यासाठी माइक दोन्ही वाद्यांच्या मधोमध, वर दीड फुटावर धरावा आणि तोच ठेका माइक चार चार बोटे सरकवून पुन्हा पुन्हा मुद्रित करावा. चाटेकडे (कडेकडे) झुकला की टोकदार, शाईकडे (मधल्या काळ्या भागाकडे) झुकला की गोल, हा फरक एकदा कानाने टिपला की इक्यूची निम्मी गरज संपते. पेटीला माइक भात्याच्या बाजूने लावू नये, नाहीतर स्वरापेक्षा श्वासच जास्त ऐकू येतो. सर्वात जोराच्या जागी पातळी उणे 10 डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) राहील असे पाहावे. 24 बिटच्या मुद्रणात एवढी मोकळीक सहज परवडते. आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की संध्याकाळी मुद्रण करण्याचा हट्ट सोडावा.

तिसरी घंटा
एरंडवणेकरांशी मी अर्धाच सहमत आहे. त्या सुट्या ट्रॅकांत बहुतेक पाश्चात्त्य वाद्यवृंद आहेत; त्यावर कान तयार होईल, पण पेटी आणि गळा एकाच पट्टीत भिडतात तेव्हा जागा कोणी कोणाला द्यायची, हे तिथे कळणार नाही. माझ्या मते एक गाणे छोट्या स्टुडिओत मुद्रित करावे, परवानगी घेऊन अभियंत्याच्या शेजारी बसावे आणि सुटे ट्रॅक घरी आणून स्वतः मिक्स करावेत. वर्गाच्या शुल्काच्या तुलनेत हे बहुधा स्वस्त पडेल.

वर्ग लावायचाच असेल, तर प्रत्यक्ष मिक्सिंगच्या बोर्डावर आपला हात किती तास पडणार आणि जिवंत वाद्ये मुद्रित करायला मिळणार का, एवढे विचारावे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचा ध्वनीचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चित्रपटाच्या ध्वनीसाठी आहे. नोकरी करणाऱ्या संगीतकाराचा तो मार्ग नव्हे.

पेटीवाला
सर्वांचे आभार. आधी स्टुडिओचीच चौकशी करतो. एक शंका राहिली: माझ्या चालीत अंतऱ्याला लय किंचित चढते. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर) वाजवले तर गाणे ताठ होते, न वाजवले तर बासरीवादकाला नंतर जुळवून घेणे जड जाते.

धागेतिट
आधी गळा आणि पेटी मोकळेपणाने मुद्रित करा. मग प्रत्येक समेवर खूण करून सॉफ्टवेअरचा टेम्पो त्या खुणांप्रमाणे बसवा. रीपरमध्ये हे जमते. केरवा असेल तर दोन समांच्या मध्ये आठ मात्रा मोजल्या जातील एवढे पाहा. क्लिक आता तुमच्या लयीबरोबर चढेल, आणि बासरीवाल्याला तोच कानात द्या.