‘मलिदा’ म्हणजे नेमके काय?

मुंबईत ‘मलिदा’ म्हटल्यावर ताटात काय येईल, हे यजमान कोण आहे यावर ठरते. घाटावरून आलेल्या घरांत तो तूप-गूळ घालून कुस्करलेल्या चपातीचा असतो, आणि मोहरमला चोंग्यांच्या (गोड पोळ्यांच्या) जोडीने किंवा पिराच्या दर्ग्यात नवस फेडताना हाच मलिदा वाटला जातो. पारशी घरांतला ‘मलीदो’ रवा किंवा गव्हाचे पीठ, साखर आणि भरपूर तूप यांचा, वेलची-जायफळाच्या वासाचा असतो. जशनसारख्या धर्मविधींत त्याला मान आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या, कुटुंबांत मात्र गहू आणि तूप दोन्ही नाहीसे होतात. तिथे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळे असा थाट असतो. (दुधातुपाचा अंश नसल्यामुळे, मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा ज्यू आहारनियम पाळूनही तो सामिष जेवणाच्या दिवशी चालतो.)

शब्द फारसी आहे. ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, आणि ‘मालीदा’ म्हणजे चोळलेले; ‘पसंदीदा’, ‘संजीदा’ या हिंदी-उर्दूतल्या ओळखीच्या शब्दांची घडण अशीच आहे. आपल्या ‘मळणे’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण शेवटचा ‘-ईदा’ फारसीखेरीज कुठलाच नव्हे. मऊ लोकरीच्या एका कापडालाही मलिदा म्हणतात, म्हणजे मूळ नाव जिन्नसाचे नसून हाताने केलेल्या क्रियेचे आहे. त्या अर्थी मराठी ‘कुस्करा’ हा त्याचा सख्खा शेजारी ठरतो, फक्त कुस्कऱ्याला कोणी नैवेद्याचा मान दिलेला नाही.

पोह्यांना काही कोणी चोळून मळत नाही, तरीही बेने इस्रायलींनी हे नाव ठेवले, यातच या शब्दाचा खरा प्रवास दिसतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडताना, लग्नकार्याच्या आधी किंवा नव्या घरात राहायला जाताना हे ताट मांडून प्रार्थना म्हणतात, आणि त्या संपूर्ण विधीलाच ‘मलिदा’ म्हणतात. ‘रविवारी आमच्याकडे मलिदा आहे’ हे वाक्य जेवणाचे नव्हे, पूजेला बोलावल्यासारखे आमंत्रण असते. मराठी ही त्यांची मातृभाषा असल्यामुळे भोवतालचे शब्द स्वतःच्या धर्माचाराला लावण्यात त्यांना अवघडलेपण वाटले नसावे. आपल्या सिनेगॉगलाही ते ‘मशीद’ म्हणत आले आहेत. म्हणून कोशात ‘तूप-गुळात कुस्करलेली पोळी’ एवढाच अर्थ देणे मला अपुरे वाटते. ‘नवसाचा किंवा धर्मविधीचा गोड प्रसाद’ हा स्वतंत्र अर्थ नोंदवायला हवा.

वर्तमानपत्री भाषेतला ‘मलिदा’, म्हणजे कंत्राटातून आयता लाटलेला पैसा, हा अर्थ तुपाने ओथंबलेल्या खाण्यावरूनच आला असणार. तिथे क्रियापदच भेद सांगते: मलिदा ‘करतात’ किंवा ‘वाटतात’ तेव्हा तो प्रसाद असतो, आणि ‘लाटतात’ तेव्हा लाच.