'स्टबर्न म्हणजे हट्टी' : स्वभावविशेषणं अशी शिकवून येतात का?

खडूची धूळ

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. प्राथमिक पातळी सरली की स्वभावाची विशेषणं सांगणारा धडा येतोच. डावीकडे वीस शब्द, उजवीकडे अर्थ, खाली जोड्या लावा. काइंड, शाय, लेझी, जेनरस, रिलायेबल. चाचणीत बहुतेकांना वीसपैकी अठरा मिळतात आणि सगळे खूश होतात.

मागच्या महिन्यात मुलाखतीचा सराव घेत होते. पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर ताठ बसून म्हणाले, "आय ॲम अ व्हेरी स्टबर्न पर्सन." चेहऱ्यावर अभिमान. त्यांचं तरी काय चुकलं? यादीत लिहिलं होतं, स्टबर्न म्हणजे हट्टी. आणि मराठीत आपण 'हट्टाने शिकलो, हट्टाने पूर्ण केलं' असं कौतुकानेच म्हणतो. त्यांना हवा होता डिटरमाइंड, म्हणजे जिद्दी. दुसऱ्या एकीने आपल्या आवडत्या बाईंचं वर्णन 'शी इज व्हेरी सिंपल' असं केलं. तिच्या मनात होतं साधी, निगर्वी. इंग्रजी कानाला मात्र त्या बाई जरा मंद आहेत असंच ऐकू आलं असतं.

माझं म्हणणं असं की विशेषण हा निकाल असतो, आणि आपण खटला न चालवताच निकाल पाठ करून घेतो. मी आता एका तासाला सहाच शब्द घेते. आधी वागणं सांगते: ही बाई वेळेवर येते, सांगितलेलं विसरत नाही, जमणार नसेल तर आधी कळवते. मराठीत काय म्हणाल? 'भरवशाची' असं कुणीतरी म्हणतं, मग फळ्यावर रिलायेबल येतो. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हा शब्द तिच्याबद्दल मैत्रीण वापरेल की वैरीण? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1948 मध्ये बीबीसीवर एक गंमत केली होती. मराठीत ती साधारण अशी होईल : मी ठाम, तू हेकट, तो आडमुठा बैल. वागणं तिघांचं एकच, फरक फक्त बोलणारा कोणाच्या बाजूला उभा आहे याचा. ही बाजू यादीत कुठे दिसते?

सरळसोट

नाही पटलं. तासाला सहा शब्द म्हणजे महिनाभराने विद्यार्थ्याकडे पंचवीस-तीस विशेषणं, त्यातली निम्मी विसरलेली. तो बोलणार कशाच्या जोरावर? ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये एका इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले, ते 17,953 भरले. तुमच्या वेगाने किती जन्म लागतील?

चेष्टा सोडा. मोठ्या माणसाला हट्टी म्हणजे काय, आळशी म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. संकल्पना डोक्यात तयार आहे, तिला फक्त नवी चिठ्ठी चिकटवायची आहे. त्यासाठी एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी असे पत्ते करून घोकणं याइतका झटपट मार्ग नाही. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन झाली आहे, इतकंच. बारकावे वाचनातून येतात, नंतर. आधी शब्द तर ओळखीचा होऊ दे! तुमचे ते गृहस्थ निदान बोलले तरी. शब्दच नसता तर गप्प बसले असते, आणि तुम्हाला दुरुस्त करायलाही काही मिळालं नसतं.

खडूची धूळ

शेवटचं वाक्य मान्य. पण 'संकल्पना तयार आहे' हे अर्धंच खरं. संकल्पनेची कुंपणं दोन भाषांत वेगळ्या ठिकाणी असतात. 'भोळा' म्हणताना आपल्या आवाजात माया असते, 'नाईव्ह'मध्ये ती शोधून सापडत नाही. 'चौकस' आणि 'भोचक' यांत आपण जेवढं अंतर ठेवतो तेवढंच 'क्युरिअस' आणि 'नोझी' यांत आहे, ते नशीब. 'हलक्या कानाचा' याला मला आजवर एक सुटा इंग्रजी शब्द मिळालेला नाही. 'गलिबल' (चटकन फसणारा) जवळ जातो, पण त्यात चहाडी ऐकण्याची हौस नाही.

अर्धविराम

तुमचं दोघांचं भांडण शब्दावर चाललंय, विद्यार्थी अडतो वाक्यावर. "व्हॉट इज युअर ब्रदर लाइक?" या प्रश्नाला दर वर्गात एक तरी उत्तर येतं, "ही लाइक्स म्युझिक." यादीतले वीसही शब्द पाठ असतात, पण प्रश्न स्वभावाचा आहे हेच कळलेलं नसतं. "हाऊ इज ही?" विचारलं तर इंग्रजीत तब्येतीची चौकशी होते, मराठी 'कसा आहे?' मात्र दोन्ही कामं करतो. तिथेच घोळ होतो.

आणि ते अजरामर "आय ॲम बोरिंग"! कंटाळलेला माणूस सगळ्यांसमोर स्वतःला कंटाळवाणा जाहीर करून मोकळा. शिवाय 'ही इज रूड' आणि 'ही इज बीइंग रूड' यांतला फरक. पहिलं स्वभावाबद्दल, दुसरं आत्ताच्या वागण्याबद्दल. मराठीत आपण 'उद्धट आहे' आणि 'उद्धटपणा करतोय' असं सहज वेगळं करतो. हे एवढं एक वाक्य सांगितलं तरी तासाचं सार्थक होतं. ते वीस शब्दांच्या यादीतही नाही आणि सहांच्या खटल्यातही नाही.

चष्मा विसरलो

मी शिकवणारा नाही, शिकणारा आहे, म्हणून धीर करून लिहितोय. यादी मला उपयोगी पडली. प्रवासात वाचायला काहीतरी हातात लागतं. पण परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलायला लागलो तेव्हा वेगळंच लक्षात आलं. यादीतले वाईट शब्द ते लोक तसेच्या तसे वापरतच नाहीत. मी एकाबद्दल सरळ "ही इज लेझी" म्हणालो आणि पलीकडे शांतता. नंतर एकीने तेच सांगितलं, पण कसं? "ही इज नॉट द मोस्ट हार्डवर्किंग पर्सन." दुसऱ्या एकाबद्दल "ही कॅन बी अ बिट बॉसी." हे 'कॅन बी', 'अ बिट', 'टेंड्स टु बी' मला कुणीही शिकवलं नव्हतं. मला तिखट शब्द दिले, ते धरायची चिमटी दिली नाही.

खडूची धूळ

@चष्मा विसरलो, चिमटी! हे मी उद्या वर्गात ढापणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सरळसोट

चिमटी यादीत घालता येते की. प्रत्येक वाईट शब्दापुढे एक मऊ रूप लिहा, संपलं. रंग कळत नाही म्हणता, तर अधिक-उणे चिन्हं टाका. नॉर्मन अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये 555 शब्दांना लोकांकडून आवडनिवडीचे गुण देऊन घेतले होते. सगळ्यांत वर 'सिन्सिअर', तळाला 'लायर'. म्हणजे कुठला शब्द गोड, कुठला कडू हे मोजता येतं. त्यासाठी तासभर नाटक कशाला?

पूर्वग्रह

ते गुण अमेरिकन महाविद्यालयीन मुलांनी दिले होते, आणि तेही एकेका सुट्या शब्दाला. शब्द सुटा राहत नाही हीच तर गोम आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश याचा 1946 चा प्रयोग बघा. एका गटाला माणसाचं वर्णन दिलं: हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निर्धारी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड'. हा माणूस उदार असेल का? पहिल्या गटातल्या 91 टक्क्यांनी हो म्हटलं, दुसऱ्यातल्या 8 टक्क्यांनी. बाकी सहा शब्द तेच होते, पण त्यांचा रंग पार पालटला. थंड माणसाची हुशारी आपल्याला लगेच कावेबाज वाटते. तुमचं अधिक चिन्ह 'इंटेलिजंट'पुढे लावून ठेवा, शेजारी कोण येऊन बसतं त्यावर ते टिकणार.

अर्धविराम

यादीचा आणखी एक तोटा राहिला. विरुद्धार्थी आणि सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी दिले की ते एकमेकांत गुंततात. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने 1990 च्या दशकात हे तपासलं होतं: अर्थाने एकाच कुळातले नवे शब्द एकत्र दिले तर शिकायला जड जातात. अनुभव तर सगळ्यांनाच आहे. 'सेन्सिबल' आणि 'सेन्सिटिव्ह' शेजारी शेजारी शिकवा, पुढचं वर्षभर समंजस माणूस रडत बसतो आणि हळवा माणूस सल्ले देतो. (फ्रेंच विद्यार्थ्यांचे हाल तर विचारू नका, त्यांच्याकडे 'सेन्सिबल' याच रूपाच्या शब्दाचा अर्थ हळवा असा आहे.)

सरळसोट

हे मात्र घेतो. मी स्वतः इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट जोडीने शिकवून पस्तावलोय. अजूनही तपासताना उलटसुलट सापडतात. जोड्या फोडीन, एक या आठवड्यात, दुसरा पक्का झाल्यावर. पण वीसाचे सहा करणार नाही. तुम्ही तुमच्या सहांवर चालू ठेवा, मी माझे पत्ते वाटतो. बारा शब्द दोन्ही वर्गांत सारखे घेऊ, आणि तीन आठवड्यांनी न सांगता विचारू. जोड्या लावा नाही, एका ओळखीच्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला.

खडूची धूळ

चालेल. त्या बारांत स्टबर्न हवाच.

चष्मा विसरलो

तोवर माझी एक अडचण सोडवा. 'खमकी'ला काय म्हणायचं? आमच्या वरिष्ठ बाई आहेत तशा. शब्दकोशात फाइस्टी सापडला.

पूर्वग्रह

नका हो! फाइस्टी बहुतेक वेळा लहानखुऱ्या नाहीतर म्हाताऱ्या माणसाला म्हणतात. 'बघा, एवढंसं आहे पण कसं गुरगुरतंय' असं कौतुक असतं त्यात. खरोखर खमकी बाई ते ऐकून घेणार नाही.

चष्मा विसरलो

परवाच त्यांना मेलमध्ये लिहून बसलोय.