अनुभव धागा: नाशिकचे दोन दिवस – देव, द्राक्षं आणि डोंगर

जानेवारीत एका शनिवार-रविवारी आम्ही चौघं पुण्याहून नाशिकला जायचं म्हणतोय. शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना त्र्यंबकेश्वर हवंच आहे आणि जमलं तर वणीची देवी. मला आणि नवऱ्याला वायनरी आतून बघायची आहे, वाईन कशी होते ते समजून घ्यायचं आहे. लेक पंधरा वर्षांचा, त्याला गड चढायचाय. दोन दिवसांत हे सगळं बसवताना कुणाचं तरी मन मोडेल अशी धास्ती वाटते. ज्यांनी असा बेत केलाय त्यांनी लिहा ना. क्रम कसा लावलात, काय गाळलंत, काय चुकलं?

ठाण्याहून

त्र्यंबक शनिवारी पहाटेच उरका. नाशिकपासून तीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे साडेचारला गाडी काढली की झालं. आम्ही साडेपाचला रांगेत उभे राहिलो आणि सात वाजता कुशावर्त कुंडावर होतो. परतताना दहाच्या सुमारास रांग कुठवर गेली होती ते पाहून पोटात गोळाच आला.

सासूबाईंना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. तिथे वर आलेली पिंड नाही. खोलगट जागा आहे आणि तिच्या तळाशी अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशाची. वरच्या आरशात बघायचं असतं. माझ्या आईला नेमकं कुठे बघायचं ते कळेपर्यंत मागून ढकलाढकली झाली आणि ती पुढे सरकली. दिवसभर हळहळत होती. दुसऱ्या वेळी समजावून नेलं, तेव्हा डोळे भरून दर्शन झालं तिचं.

निफाड तालुक्यातून, द्राक्षवाल्या घरची लेक

जानेवारी निवडलात, छान केलंत. पाहुणे मे-जूनमध्ये येतात, वेलीवर पानंच पानं बघतात आणि हिरमुसतात. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या असतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. त्या दुसऱ्या छाटणीचा माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो. तेव्हाच वायनरीत ट्रॅक्टर रिकामे होताना दिसतात, आंबूस-गोड वास हवेत असतो आणि टाक्यांमध्ये खरंच काहीतरी चालू असतं.

आणि खाण्याचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं, हे मळ्यातच समजून घ्या. आमच्या बापूंनी थॉम्पसन लावलेलं: लांबट, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचा शिराज मी पहिल्यांदा तोंडात टाकला तेव्हा वाटलं, हे काय फळ! मणी जेमतेम वाटाण्याहून मोठा, साल जाड, आत बिया, पण गोडी अशी की बोटं चिकट होतात. रेड वाईनचा रंग त्या सालीतून येतो. रस सालीसकट आंबवला की लाल, साल आधीच बाजूला काढली की पांढरी. दाखवणाऱ्या माणसाला हे विचारा, हौसेने सांगतात. नाहीतर पाऊण तासाची फेरी पाच पेल्यांवर संपते आणि ज्या मातीतून हे सगळं आलं ती बघायचीच राहते. आम्हा शेतकऱ्यांना त्याचं वाईट वाटतं.

डोंबिवलीहून

आमचं चुकलं ते लिहितो. जोडून सुट्टी आली म्हणून २६ जानेवारीला वायनरीचं बुकिंग केलं. पैसे ऑनलाइन घेतले गेले, कुणी काही बोललं नाही. तिथे गेल्यावर कळलं, आज ड्राय डे. फेरी झाली, चव नाही. पैसे परत मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही तेच, निवडणुका असतील तर त्याही बघा. वाईनसाठी वयाची अट २१ आहे, तेव्हा लेकाला टेस्टिंगला बसता येणार नाही. त्याची सोय आधी विचारून घ्या.

आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही. ह्यावर घरात चर्चासुद्धा नको. आम्ही दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी केली, त्या पैशाचं कधीच वाईट वाटलं नाही.

नाशिकहून

लेकासाठी अंजनेरी. त्र्यंबकच्या रस्त्यावरच आहे, म्हणजे वाकडी वाट नाही. हनुमंताचा जन्म इथला मानतात, वर पठारावर अंजनीमातेचं देऊळ आहे, तळं आहे. हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्यांचे फोटो बघून मुलं हट्ट धरतात, पण त्या जवळजवळ उभ्या आहेत आणि शनिवार-रविवारी तिथे गर्दी अडकते. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला मी तिथे नेणार नाही.

त्र्यंबकचं दर्शन झालं की लेक आणि बाबा अंजनेरीला, आजी आणि आई पंचवटीत. काळाराम मंदिराला जरूर जा. काळ्या पाषाणातलं देऊळ, काळ्या पाषाणातला राम. त्याच्याच दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मी प्रत्येक पाहुण्याला आधी तिथे उभं करतो आणि मग आत नेतो.

सिन्नरहून

आमच्या गोंदेश्वराला कुणी विचारतच नाही! पुण्याहून येताना रस्त्यातच लागतं. मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. संध्याकाळी पाचच्या उन्हात शिखरावरची नक्षी बघा. रांग नाही, धक्काबुक्की नाही, आजीबाई ओट्यावर निवांत बसू शकतात.

कोल्हापूरहून

वणीबद्दल. सप्तशृंगी गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघे दुखणाऱ्यांना पाचेकशे पायऱ्यांची चिंता नाही. अठरा हातांची ती भव्य मूर्ती समोर आली तेव्हा माझ्या आत्याला शब्द फुटेना. पण नाशिकहून एका बाजूला साठेक किलोमीटर, शेवटी घाट. वणी आणि वायनरी एका दिवसात घालू नका. आम्ही घातली, आणि वायनरीत पोचलो तेव्हा सगळे थकून गाडीतच झोपले होते. ह्या खेपेला वणी गाळा आणि आईंना मोकळेपणाने तसं सांगा. देवीसाठी पुन्हा यायचं, हे त्यांना पटेल.

नागपूरहून

मी पीत नाही, घरी माळ आहे. सुनेने विचारलं, आई, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, आधी देव, मग तुमचं. फक्त एकादशी-चतुर्थी येत नाही ना तेवढं कॅलेंडर बघ. गंगापूर धरणाच्या बाजूला, मळ्यासमोरच्या ओसरीत बसून मी द्राक्षाचा रस घेतला आणि सूर्य पाण्यात जाताना बघितला. मुलं हळू आवाजात गप्पा मारत होती. इतकी वर्षं मनात एक अढी होती, ती तिथे बसल्या बसल्या सैल झाली. आजींना हॉटेलवर एकटं ठेवून जाऊ नका, सोबत न्या.

मुंबईहून

पक्षी आवडत असतील तर रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, जांभळ्या पाणकोंबड्या. दुर्बीण न्या.

धागा सुरू करणारी

जाऊन आलो, सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पहाटे त्र्यंबक, मग बापलेक अंजनेरीला, आम्ही दोघी पंचवटीत. रविवारी सकाळी वायनरी, येताना गोंदेश्वर. वणी आणि पक्षी राहिले. आरशाचं आधी सांगितलं होतं, म्हणून सासूबाई थेट वर बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिन्ही दिसले गं." निफाडच्या ताई, मळ्यात त्यांनी शिराजचा मणी खाऊन बघितला आणि त्याच्या बिया रुमालात बांधून घेतल्या. काल कुंडीत पेरल्यात. उगवतील का हो?