नॉर्दर्न लाइट्ससाठी बॉडी बदलू की लेन्स? (डी७५००, फेब्रुवारी, ट्रॉम्सो)

शहापूर_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझा लहान स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, गणपतीच्या मिरवणुका हेच काम. भाचा नॉर्वेत नोकरीला आहे, त्यानं फेब्रुवारीत बोलावलंय. "मामा, तिकीट मी काढतो, तुम्ही फक्त या." नॉर्दर्न लाइट्सचे (उत्तर ध्रुवाकडच्या आभाळात दिसणारा रंगीत उजेड) फोटो घ्यायला पाच रात्री ट्रॉम्सोत काढायच्या आहेत.

माझ्याकडे निकॉन डी७५०० आहे, १८-१४० ची लेन्स, ५० एमएम एफ/१.८ आणि लग्नात व्हिडिओसाठी वापरतो तो जड ट्रायपॉड. हाताशी ४० हजार आहेत. दुकानदार म्हणतोय जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) द्या, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस घ्या, वरचे हप्त्यानं फेडा. सीझनमध्ये फिटतीलही, पण जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी आहे. मांडवातल्या लख्ख उजेडात वीस वर्षं काम केलं, काळोखात कधी नाही. पुन्हा जाणं होईल असं वाटत नाही, म्हणून नीट विचारून घेतोय.

निपाणीकर

दादा, बॉडीला हात लावू नका. मी मार्चमध्ये ट्रॉम्सोला डी७२०० घेऊन गेलो होतो, तुमच्यापेक्षा जुनी. तिच्यामुळे एकही फोटो वाया गेला नाही. वाया गेले ते माझ्या फोकसमुळे.

आधी लेन्सचं. तुमची १८-१४० अठरावर एफ/३.५ उघडते (आकडा लहान तितकं भोक मोठं). एफ/२.८ ची लेन्स तिच्या साधारण दीडपट उजेड घेते, म्हणजे उजेडाचा फरक काही फार मोठा नाही. खरी अडचण रुंदीची. अरोरा, म्हणजे हे नॉर्दर्न लाइट्स, नुसता उत्तरेला क्षितिजावर दिसत नाही, ट्रॉम्सोत तो डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो. ५० एमएममध्ये त्याची एक चिंधी येईल, बस्स. टोकिना ११-१६ एफ/२.८ बघा, क्रॉप सेन्सरसाठीच (तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठी) आहे. मी जुनी घेतली, २५ हजारांच्या आत मिळाली. तिची रिंग मागे ओढली की मॅन्युअल फोकस होतो, अंधारात हातमोज्यानंही जमतं.

आता माझी पहिली रात्र. किनाऱ्यावर ढग होते, म्हणून गाडीवाल्यानं आम्हाला आत फिनलंडच्या हद्दीकडे स्किबोटनच्या खोऱ्यात नेलं. तिकडे हवा कोरडी, आभाळ मोकळं, पण थंडी उणे अठरा. अकराच्या सुमाराला सगळं आभाळ हिरवं झालं. मी रिंग इन्फिनिटीच्या (अगदी लांबच्या फोकसच्या) खुणेवर नेली आणि दोन तास फोटो काढत राहिलो. खोलीवर येऊन लॅपटॉपवर बघतो तर तारे ज्वारीच्या दाण्याएवढे. त्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) लावा, एक ठळक तारा पूर्ण मोठा करा, तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग रिंगवर टेप लावा. ऑटोफोकस बंद. थंडीत फोकस थोडा सरकतो, तेव्हा तासाभरानं पुन्हा तपासा.

दुसरं, लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनचा, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटर. फिल्टरच्या काचेच्या दोन सपाट बाजूंमध्ये तो परावर्तित होतो आणि फोटोच्या मधोमध पाण्यातल्यासारखी वर्तुळं उठतात. ती नंतर पुसता येत नाहीत. आमच्या गाडीतल्या एकाचे सगळेच फोटो असे गेले, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

बाकी: रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल), एफ/२.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, ८ सेकंद इथून सुरू करा. अरोराचा पट्टा संथ असेल तर चालतं. नाचायला लागला की ३२०० आणि २-३ सेकंद, नाहीतर पडद्याच्या घड्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धूर उरतो. अंधारात स्क्रीनवर सगळंच उजळ दिसतं, तेव्हा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

जांबोटी_रोड

काका, आधी इथंच सराव करा की. राकसकोपला नको, गावाचा उजेड येतो. कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याकडं जावा, अमावास्येला. डिसेंबरात आभाळ धुतल्यासारखं असतंय. लोकरीचे हातमोजे घालून, टॉर्च न लावता सगळी बटणं सापडली पाहिजेत.

आणि बॅटऱ्या तीन तरी घ्या, शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. गार पडलेली बॅटरी रिकामी दाखवते, ऊब मिळाली की थोडी परत चालते. विमानात मात्र सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच.

शहापूर_स्टुडिओ

दोघांचे आभार. टोकिना पुण्याहून मागवली, २२ हजारांत मिळाली. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं.

शनिवारी रात्री मुलाला घेऊन कणकुंबीला जाऊन आलो. खरं सांगतो, एवढे तारे मी लहानपणी आजोळी बघितले होते, त्यानंतर आत्ताच. पहिला अर्धा तास ताराच सापडेना, स्क्रीन नुसती काळी. मग मुलानं गुरूवर लेन्स धरली आणि तिथून जमलं. माझ्या लेन्सवर बरोबर फोकस खुणेच्या किंचित अलीकडे येतोय, तिथं पांढऱ्या पेनानं रेघ ओढली. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं, ८ सेकंदांच्या फोटोला सोळा लागत होते. ते बंद केलं.

आता एकच: हा व्हिडिओचा ट्रायपॉड चालेल का? आणि बाहेरून घरात आल्यावर कॅमेऱ्याचं काय करायचं?

निपाणीकर

पाय चालतील, जड असलेलेच बरे, वारं असतं. डोकं बदला. व्हिडिओच्या हेडमधलं ग्रीस थंडीत घट्ट होतं. शिवाय तो हँडल लावून वर किती वळतो ते बघा. बेळगावात ध्रुव तारा क्षितिजापासून १६ अंशांवर दिसतो, तिथे जवळजवळ ७० वर. कॅमेरा बराच वेळ आभाळाकडे तोंड करून राहणार, साधा बॉलहेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारं डोकं) घ्या. तुमच्या डी७५०० ची स्क्रीन वर उचलता येते, मान वाचेल. धातूच्या पायांवर नळाच्या पाइपला लावतात तो फोम गुंडाळा, उघड्या हाताला धातू चटका देतो.

आत येताना: दाराबाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, मग आत आणा. ओल पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर नाही. दोन-तीन तास उघडू नका. फोटो बघायची घाई असेल, तर कार्ड बाहेरच काढून खिशात ठेवा.