मदत हवी आहे: कुत्रीची सोनोग्राफी, शिरवळला न्यावं की थेट पुण्याला?

थोडी घाई आहे, म्हणून सरळ लिहिते.

आम्ही वाईत राहतो. आमची राणी, लॅब्रेडॉर, वय ७, नसबंदी केलेली नाही. महिन्याभरापूर्वी माजावर येऊन गेली, आणि त्याच दिवसांत शेजारचा कुत्रा आवारात शिरला होता. पोट जरा सुटलेलं दिसलं तेव्हा घरात सगळ्यांनी पिल्लंच धरून चाललं. पण परवापासून ती भांडंच्या भांडं पाणी पितेय, रात्री सारखी लघवीला उठतेय, जेवणाला तोंड लावत नाही. काल उलट्याही झाल्या. अंगावरून मात्र काही जात नाही.

इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गर्भाशय मोठं दिसतंय, पण आत पिल्लं आहेत की पू, हे त्यावरून सांगता येत नाही म्हणाले. पिल्लांची हाडं साधारण ४५ दिवसांनंतर एक्स-रेत उमटतात. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके आत्ताही दिसतील. मशीन त्यांच्याकडे नाही.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी कुत्रं नेलंय का? राणी परक्या माणसाला हात लावू देत नाही, भूल देतात का? सासूबाई म्हणतात आठवडाभर गोळ्या देऊन बघू. मला धीर धरवत नाही.

प्रतिसाद:

ताई, आठवडा थांबू नका, आजच निघा. अंगावरून जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठत जातो, आणि तो प्रकार जास्त घातक. गर्भाशय फुटूही शकतं. शिरवळला आधी फोन करून सोनोग्राफीची वेळ विचारा. आज जमणार नसेल तर पुण्यात, पण जिथे ऑपरेशनही होतं अशाच ठिकाणी न्या. पू निघाला तर बहुतेक वेळा सलाइन लावून लगेच गर्भाशय काढावं लागतं. गोळ्यांवर ते सहसा आटोक्यात येत नाही.

सोनोग्राफीला भूल बहुधा लागत नाही. पोटावरचे केस काढून जेल लावतात, कारण केसांत हवा अडकली की चित्र नीट येत नाही. तुम्ही तिच्या डोक्याशी उभ्या राहा. एरवी उपाशीपोटी बोलावतात, ती तर जेवतच नाहीये. पाणी तोडू नका. तपासणीच्या अगदी आधी लघवीला नेऊ नका, मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय शोधायला सोपं जातं. एक्स-रे सोबत घ्या आणि पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं) यांसाठी रक्तही तिथेच तपासून घ्या. काय निघालं ते इथे नक्की कळवा.