विषय: क्लब व्हॉलीबॉलची फी भरावी का?

मंडळी, नमस्कार.

सध्या आम्ही नाशिकला आईकडे, गंगापूर रोडला आलो आहोत. लेक सप्टेंबरपासून तिकडे अमेरिकेत नववीत जाईल. तिची एका क्लबच्या व्हॉलीबॉल संघात निवड झाली आहे. वर्षाची फी साडेचार हजार डॉलर. परगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि त्यांनीच ठरवलेल्या हॉटेलांचा खर्च वेगळा. शनिवारपर्यंत पहिला हप्ता भरायचा आहे. शाळेच्या संघात तर जवळपास फुकट खेळता येतं. आई म्हणते, "आपली कविता राऊत काय पैसे भरून पळाली का?" मला उत्तर सुचलं नाही. ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांनी लिहावं, ही विनंती.

– गंगापूर रोड

विषय: उत्तर: क्लब व्हॉलीबॉलची फी भरावी का?

दादा,

आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अमेरिकेहून परत आल्यापासून मी नाशिकलाच इंदिरानगरला राहते आणि हा प्रश्न इथेही सारखा कानावर येतो. सावरपाड्याच्या धावपटू कविताने फी भरली नाही, खरं आहे. पण २०१० साली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य मिळालं ते नुसत्या डोंगरवाटांवर धावून नाही. साईचे, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, प्रशिक्षक विजेंदर सिंग यांची मेहनत तिच्यामागे होती. तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळच्या हातात वल्हं आलं ते सैन्यात गेल्यावर. तिथून तो २०१६ ला नौकानयनात रिओ ऑलिंपिकला पोचला. म्हणजे खर्च झालाच, तो सरकारने केला. तिकडे शाळेपलीकडचा खर्च आईबापांवर येतो.

व्हॉलीबॉलमध्ये क्लबचा एक फायदा अगदी खरा आहे. मुलींचा शाळेचा हंगाम आणि कॉलेजचा हंगाम दोन्ही शरद ऋतूत. त्या दिवसांत कॉलेजचे प्रशिक्षक स्वतःच्या संघात अडकलेले असतात, शाळेच्या सामन्यांना कधी येणार? ते मुली बघतात त्या क्लबच्या स्पर्धांत. धावण्याचं तसं नाही, तिथे घड्याळातली वेळ बोलते.

पण शिष्यवृत्तीचा हिशेब मांडून हप्ता भरू नका. अमेरिकेत शाळांच्या संघांतून ८० लाखांच्या आसपास मुलं खेळतात आणि त्यांतल्या शंभरात साधारण दोघांना एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेतल्या कॉलेजात खेळासाठी काही शिष्यवृत्ती मिळते. ती पूर्ण असेलच असंही नाही. तिच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन तीनमध्ये, तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते.

आता माझ्या घरचं. माझी मुलगी चार वर्षं क्लबमध्ये खेळली. अकरावीत खांदा दुखायला लागला तेव्हा तिने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "एवढी फी भरली आहे, जा." पुढचे सात महिने तिला हात डोक्याच्या वर नेता आला नाही. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून सुट्टी असावी. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधून घेऊ नये. हे मी तिच्या दुखण्यानंतर वाचलं.

म्हणून म्हणते, एका वर्षाची फी भरा. पण आधी प्रशिक्षकांना विचारा, सुट्टी किती आणि प्रत्यक्ष सामन्यात ती किती खेळणार. फी भरली म्हणून कुणी कोर्टवर उतरवत नाही.

– इंदिरानगर

विषय: उत्तर: उत्तर: क्लब व्हॉलीबॉलची फी भरावी का?

ताईंचं पटलं, पण एक राहिलं. आमच्याकडच्या मोठ्या शाळेत 'फुकट' संघात निवड होते ती बहुतेक क्लबमध्ये तयार झालेल्या मुलींचीच. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या मुली शाळेच्या दारातूनच परत येतात. हे मला फार लागतं. बरेच क्लब फीत सवलत देतात, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. संकोच न करता विचारा. आणि आपल्यातल्या एखाद्या घराला अडचण असेल तर मंडळाने एका मुलीची फी उचलावी, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

– ओहायोहून

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: क्लब व्हॉलीबॉलची फी भरावी का?

ताई, आज पहाटे लेकीला घेऊन गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता, तरी जॉगिंग ट्रॅकवर गर्दी. चार फेऱ्या झाल्यावर तिला विचारलं, "मैत्रिणी नसल्या तरी व्हॉलीबॉलच्या क्लबमध्ये जाशील?" ती म्हणाली, "सर्व्हिस सुधारायची आहे, बाबा. शाळेत आठवड्याला तेवढा वेळ कुठे मिळतो?"

प्रशिक्षकांना मेल केला आहे. जून-जुलै पूर्ण सुट्टी आणि वसंतात शाळेच्या ट्रॅक संघातून धावायची मोकळीक, एवढं मागितलं आहे. हो आलं की हप्ता भरतो. आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. खांद्याचं ऐकून तिने लेकीला जवळ बसवून घेतलं.

– गंगापूर रोड